आखणीच्या आधी फोटो नाही

१० जाने. ९९, रविवार
जोह्याला माहेरी जाऊन आले. नानांच्या मूर्तींच्या कारखान्यात आताच पाय ठेवायला जागा नाही, गणपती सप्टेंबरात असले तरी. अमेरिकेतल्या मराठी मंडळाचे कुलकर्णी, त्यांचं पत्र आलंय. गेल्या वर्षी एक मूर्ती नेली होती, यंदा अकरा हव्यात. अट एकच: प्रत्येक मूर्तीच्या चेहऱ्याचा जवळून फोटो ई-मेलने पाठवायचा, ते पसंत करणार, मग माल बोटीवर. गेल्या वर्षी पोस्टाने पाठवलेले फोटो विसर्जनानंतर पोचले म्हणे.
मोहन म्हणाला, "ताई, डिजिटल कॅमेरा घ्यावा लागंल. तू कंपनीत हायस, तुला समजतं." मी लॅबमध्ये दिवसभर सांडपाण्याचे नमुने तपासते. पण धाकट्या भावाची समजूत अशी की धाटावच्या कंपनीच्या गेटातून आत गेलेल्या माणसाला सगळं येतं.
नाना ब्रश धुत होते. एवढंच म्हणाले, "टिकंल किती? ते इचार आधी."

१३ जाने., बुध.
सेकंड शिफ्ट. जेवणाच्या सुट्टीत वहीत लिहिलं: खिशात मावेल असा. धूळ सोसणारा. मोहनच्या हातून पडला तरी चालू राहणारा. वीस हजारांच्या आत. घरी सतीशने वही उघडी बघितली. म्हणाला, खिशात मावायचं सोडलं तर माझंच वर्णन आहे. धूळ सोसतो म्हणे. गेल्या दिवाळीनंतर पंख्याला हात लावलेला नाही ह्या माणसाने.

१७ जाने., रवि.
मेंटेनन्सच्या साहेबांकडून कंपनीचा डिजिटल कॅमेरा एका दिवसासाठी मागून घेतला. फ्लॉपीवर फोटो घेणारा. आकाराने चार पुडांचा जेवणाचा डबा. तरीही बघू म्हटलं.
पहिलीच मूर्ती समोर धरली तर नाना मागून, "काय करतेस गो? डोलं कुठं हायत तिला?" आखणीच्या, म्हणजे डोळे काढायच्या, आधी फोटो नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. एका मासिकाचे लोक आले होते तेव्हा त्यांनाही नानांनी दोन तास बसवून ठेवलं होतं. रंग झाला, दागिने झाले, सगळं झालं तरी डोळे होईपर्यंत ती नुसती माती. डोळे नानाच काढतात. पहाटे अंघोळ करून, चहासुद्धा न घेता, उजेड दारातून आला की बसायचं. तेवढा वेळ कारखान्यात कोणी बोलत नाही. चाळीस वर्षं झाली.
आखणी झालेल्या तीन मूर्ती होत्या, ह्याच महिन्यातल्या, मंडळासाठीच्या. त्यांचे फोटो काढायला घेतले. मोहनने फ्लॉप्या खडूच्या भुकटीच्या फळीवर ठेवल्या होत्या. तिसरी फ्लॉपी आत गेली आणि कॅमेरा करकरायला लागला.

१८ जाने.
सकाळी लॅबमध्ये स्पिरिट आणि कापूस घेऊन कॅमेरा पुसला. साहेबांनी विचारलं, कसा वाटला? छान आहे म्हटलं. फ्लॉपीवाला बाद.

२४ जाने., रवि.
पेणला म्हात्र्यांच्या स्टुडिओत. आमच्या लग्नाचे फोटो ह्यांनीच काढले, निम्म्यात सतीशचे डोळे मिटलेले. आता कॉम्प्युटर घेतलाय, इंटरनेटही आहे, फोन लागला तर. त्यांनी मुंबईच्या माणसाकडून दोन कॅमेरे बघायला आणून ठेवले होते. महिनाभर वापरा, एक ठेवा, एक परत द्या.
एक काळा. प्लास्टिकचा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, मागे पडदा नाही, काय आलं ते कॉम्प्युटरला जोडल्यावर कळणार. दोन पेन्सिल सेल. अकरा हजार.
दुसरा चांदीच्या रंगाचा. धातूचा, मागे पडदा, जवळून काढायची सोय. चार सेल खातो आणि पंधरा-वीस फोटोंत ढेकर देतो. एकोणीस हजार.
म्हात्रे म्हणाले, "धंद्याला काला बरा. त्याला काय व्हनार हाय?" ह्यांचं माझ्या नवऱ्याविषयीही लग्नात हेच मत होतं.

२६ जाने., मंगळ.
कंपनीत झेंडावंदन उरकून थेट जोहे. दोन्ही कॅमेरे घेऊन.
काळा मोहनच्या हातून पडलाच. फळीवरून शाडूच्या टबात. काढला, पुसला, बटण दाबलं, चालू. नाना इतके खूश झाले की त्यांनी तो हातात घेऊन वजन केलं. "ह्यो आपल्यातला हाय."
चांदीवाल्याने वेगळाच घोळ घातला. पडद्यावर गणपतीचं पितांबर नारिंगी दिसायला लागलं. मोहन म्हणाला पिवळा कमी पडलाय, आणि मी चहा पिऊन येईपर्यंत एक हात लिंबी पिवळ्याचा मारला. परत फोटो. अजून नारिंगी. परत एक हात. पडद्यावर पितांबर पिवळं धमक आलं तेव्हा अंगणात नेलेली मूर्ती पोपटी दिसत होती. आतल्या पिवळ्या बल्बचा दोष होता. पडद्यावर बरं दिसावं म्हणून देवाला रंगवणारा माझाच भाऊ. मला हसू आवरेना. नाना हसले नाहीत. "चाकं आल्याशिवाय बैलगाडीला रंग देतास काय?" असं काहीतरी पुटपुटले. अर्थ मला कळला नाही, मोहनलाही नाही.
तिन्ही मूर्तींचे चेहरे दोन्ही कॅमेऱ्यांनी काढले, अंगणात, सावलीत. सेल उरले होते म्हणून घरच्या सगळ्यांचे एकेक फोटो, चांदीवाल्याने, फ्लॅश टाकून.

३१ जाने., रवि.
म्हात्र्यांच्या कॉम्प्युटरवर मूर्तींचे सगळे फोटो बघितले. काळ्याचे मऊ, थोडे धुरकट, पण गोड. मग चांदीवाल्याचे उघडले. गणपतीचा चेहरा पूर्ण पडदाभर. सोंडेवरच्या नक्षीचा प्रत्येक ठिपका दिसतो.
आणि डोळे. डावा डोळा उजव्यापेक्षा खाली. तांदळाच्या दाण्याएवढा, जास्त नाही. पण एकदा दिसलं की दुसरं काही दिसत नाही. बुबुळही किंचित बाहेर सरकलेलं.
म्हात्रे म्हणाले, भिंग जवळून वाकडं दाखवतं. मी लगेच हो म्हटलं. पितांबरही कॅमेऱ्यानेच बिघडवलं होतं ना.
म्हात्रे म्हणाले, "म्हनून सांगतो, काला घ्या. चेहरा गोड येतो."

३ फेब्रु., बुध.
कंपनीतून दमून आले, तरी झोप नाही. भिंग वाकडं दाखवतं तर सोंड सरळ कशी? मुकुट सरळ कसा?
लॅबमध्ये एखादं रीडिंग विचित्र आलं की आधी मशीनला शिव्या द्यायच्या नाहीत. ज्याचं उत्तर माहीत आहे असा नमुना लावायचा. तो बरोबर आला तर मशीन बरोबर. नवीन पोरींना हे मीच शिकवते.

७ फेब्रु., रवि.
माहीत असलेला नमुना कारखान्यातच आहे. आमच्या लग्नाच्या वर्षी, अठ्ठ्याऐंशी साली नानांनी केलेली मूर्ती. विकली नाही, वरच्या फळीवर कापडात असते. मोहन रंग आणायला पेणला गेला होता, नाना जेवून आडवे झाले होते. मूर्ती उतरवली. तेच अंगण, तीच सावली, तेवढंच अंतर वीत मोजून. चांदीवाला.
संध्याकाळी म्हात्र्यांकडून प्रिंट काढून घेतल्या. एस.टी.त मांडीवर ठेवून दोरा धरला. जुन्या मूर्तीचे डोळे दोऱ्यावर. एक केससुद्धा इकडे-तिकडे नाही. नवीन तिन्हींचा डावा डोळा खाली, तिन्हींचा सारखाच.
कॅमेरा खरं बोलतोय.
गडबच्या स्टॉपवर गाडी बराच वेळ थांबली. दोरा बोटाला गुंडाळून बसले होते. फार वाईट वाटलं, आणि रागही आला, कोणाचा ते कळेना. ह्या डोळ्यांसाठी लोक पेणची दुकानं सोडून जोह्याला नानांकडे येतात. मूर्ती सगळेच करतात.

८ फेब्रु., सोम.
काळा घेतला तर कोणालाही काही सांगावं लागत नाही. स्वस्त आहे, पडला तरी चालतो, सेल कमी खातो, नानांना आवडलाय. वहीतल्या सगळ्या अटींत बसतो. कुलकर्णी फोटो बघून पसंत म्हणतील, अकरा मूर्ती बोटीवर चढतील. तिथे हात जोडून उभी राहिलेली माणसं देवासमोर दोरा धरणार आहेत थोडीच.
दिवसभर हेच स्वतःला सांगितलं. सतीशला सांगितलं तर म्हणाला, "मग घे काळा." त्याने इतकं सहज म्हटलं की माझं त्याच्याशी भांडण झालं.

१० फेब्रु., बुध.
सव्वीस जानेवारीचे माणसांचे फोटो आज बघितले, प्रिंट पाकिटात तशाच पडल्या होत्या. चांदीवाल्याचा एक दोष म्हात्र्यांनी आधीच सांगितला होता: फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी, म्हणून माणसांचे डोळे लाल येतात. मोहन लाल, आई लाल, मी लाल. सगळे राक्षस.
नानांचा डावा डोळा लाल. उजवा काळा.
बुधवारी कंपनीत डॉक्टर येतात. कारण नसताना रांगेत उभी राहिले आणि फोटो दाखवला. त्यांनी चष्मा काढून बघितला. म्हणाले, फ्लॅशचा उजेड डोळ्याच्या आतून परत येतो म्हणून लाल दिसतं. इथे उजेड आत जातच नाहीये. पडदा असणार, मोतीबिंदू बहुतेक. वडील का तुमचे? दाखवून घ्या, उशीर करू नका.
मला वाटत होतं हात गेला. हात नाही, डोळा. टेबलावरच रडले, डॉक्टरांनी गोळी दिली पित्ताची.

१४ फेब्रु., रवि. महाशिवरात्र
नाना उपासाचे, दारात बसलेले. म्हटलं सरळ माझ्याकडे बघा. तीन फोटो फ्लॅशचे. तिन्हींत तेच, डावा लाल, उजवा काळा.
मग कसं बोलावं ते सुचेना, म्हणून एकाच मूर्तीच्या दोन प्रिंट पुढे ठेवल्या. एक काळ्याची, एक चांदीवाल्याची. कुठला कॅमेरा घेऊ? नानांनी दोन्ही उचलल्या, लांब धरल्या, जवळ धरल्या.
"दोनी सारखंच हायत की. सवस्त हाय तो घे."
मोहन रंगाचा डबा ढवळत होता, तो थांबला. त्याने माझ्या हातातल्या प्रिंटकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्याला माहीत होतं. कधीपासून कोण जाणे.
मग सांगितलं. दोरा, जुनी मूर्ती, लाल डोळा, डॉक्टर, सगळं एका दमात. नानांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला, मग काढून डाव्यावर ठेवला.
"दोन वर्सं झाली धूर दिसतोय. हाताला ठावं हाय म्हनून चालवीत व्हतो. वाटलं कुनाला कलत नाय."
मोहन म्हणाला, "नाना, मला कललं व्हतं."
"मंग बोललास का नाय?"
"आखणी चालू असताना बोलायचं नाय, तुमीच सांगितलंय."
मला वाटलं आता चिडतात. त्यांनी मला विचारलं, "दाखवलं कुनी? काल्यानी का दुसऱ्यानी?"
दुसऱ्याने.
"मंग तोच घे. त्याला माजी भीड नाय."
जाताना दोन्ही प्रिंट मागून घेतल्या आणि देवघरात ठेवल्या. का ते विचारलं नाही.

२२ फेब्रु., सोम.
रजा टाकून नानांना घेऊन अलिबागला. मोतीबिंदूच, पिकलेला. ऑपरेशन ८ मार्चला. नंतर चाळीस दिवस धूळ नाही, माती नाही, वाकायचं नाही. मूर्तीचा कारखाना म्हणजे दुसरं काय असतं, असं नानांनी डॉक्टरांनाच विचारलं. डॉक्टर म्हणाले, मग कारखान्यात जायचं नाही.
माल २० एप्रिलला निघायला हवा, नाहीतर बोट गेली. ८ मार्च अधिक चाळीस म्हणजे १७ एप्रिल. तीन दिवस हातात.

२४ फेब्रु.
चांदीवाला घेतला. काळा परत देताना म्हात्र्यांनी उलटासुलटा करून बघितला. सगळ्या फटींत शाडू. "हे काय?" टिकाऊ आहे म्हटलं.

२८ फेब्रु., रवि.
त्या तिन्ही मूर्तींचे डोळे नानांनी स्वतः पांढऱ्या रंगाने बुजवले. मी बघायला थांबले नाही.

९ मार्च
ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी. भुलीतून बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, मोहनने दागिन्यांचं सोनेरी कुठल्या दुकानातून आणलं. उद्या रोह्याला माझ्याकडेच आणणार, जोह्याला ठेवलं तर तिसऱ्या दिवशी कारखान्यात जातील.

१६ मार्च, मंगळ.
नानांनी माझ्याकडच्या पंख्यावरची धूळ बघितली. सतीशकडे बघून म्हणाले, "डॉक्टर बोलला व्हता धूल नको." सतीश लगेच स्टुलावर चढला. अकरा वर्षांत मला जमलं नाही.
दुपारी पडल्या पडल्या बोटाने चादरीवर काहीतरी रेघा काढत असतात. मी आत गेले की बोट थांबतं.

२८ मार्च, रवि.
जोहे. अकराच्या अकरा मूर्ती रंगवून झाल्या, पितांबर पिवळंच. चेहऱ्यांवर कापडं. नानांनी निरोप पाठवला होता की लहान मूर्तींना मोहनने आखणी करावी. मोहन पहाटे अंघोळ करून बसलाही होता. ब्रश बुडवला, कपाळापर्यंत नेला आणि परत धुवून ठेवला. "नाय जमत ताई. रेघ येईल माजी. नानांची नाय येनार." त्याचा हात चांगला आहे, मला माहीत आहे. पण जबरदस्ती केली नाही.
म्हात्र्यांकडे कुलकर्णींची मेल: फोटो कधी? निदान एक तरी पाठवा. म्हात्रे म्हणाले, चेहरा राहू दे, अंगाचे तरी पाठवून टाका, अमेरिकेत कुनाला कलनार हाय. कॅमेरा पर्समध्ये होता. काढला नाही.

४ एप्रिल, रवि.
पट्टी कधीच सुटली, आता काळा चष्मा. आज धीर करून नानांना विचारलं, एक फोटो काढू? चष्मा काढा. फ्लॅश डोळ्यात जाईल म्हणून परवा डॉक्टरांना फोन करून विचारून ठेवलं होतं.
पडद्यावर बघितलं. दोन्ही डोळे लाल.
"काय आलं?"
राक्षस आला, म्हटलं. नाना हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले थोडा वेळ. इतकी खूश मी लग्नातही नव्हते, सतीशला हे सांगायचं नाही.

१० एप्रिल, शनि.
उजेड आत जातोय, एवढंच फोटोने कळतं. हात कुठे जाईल ते कळत नाही. नानांना एका डोळ्याने जवळचं दिसतं, एकाने लांबचं, मधलं अंतर चुकतं. काल माझ्या हातून पाण्याचा पेला घेताना बोटं चार अंगुळं अलीकडेच मिटली. पेला पडला. डॉक्टर म्हणतात नंबरचा चष्मा लागेल, पण दीड महिन्याआधी देता येत नाही. आम्ही दोघांनी मिळून फरशी पुसली.

१७ एप्रिल, शनि.
चाळीस दिवस झाले. दुपारच्या एस.टी.ने नानांना घेऊन जोह्याला. कारखान्याच्या दारात चप्पल काढून उभे राहिले, आत गेले नाहीत लगेच. मग सगळ्यात लहान मूर्तीचं कापड काढलं. पाटीवर ब्रश घेऊन एक रेघ मारून बघा म्हटलं. "पाटीवर कशाला? पाटीला डोलं हायत काय?"
मोहनला वरच्या फळीवरची जुनी मूर्ती उतरवून समोर ठेवायला सांगितली. हे आजवर कधी केलं नव्हतं. देवघरातल्या दोन प्रिंट आणल्या, जुन्या मूर्तीच्या पायाशी ठेवल्या. माझ्याकडून दोरा मागून घेतला.
"उद्या पहाटं बसतो. तू हितंच ऱ्हा. तुजा तो कॅमेरा भरून ठेव."
आणि नाही जमलं तर, असं मोहनने विचारलं. मी विचारलं नसतं.
"तर तो सांगंल."
पेणला जाऊन कुलकर्णींना मेल केली. कॅमेरा चांगला मिळाला आहे, मूर्ती तयार आहेत, आखणी उद्या आहे, म्हणून फोटो परवा मिळतील. कसे येतील ते मला माहीत नाही, हे लिहिलं नाही.
चार सेल चार्ज करून आणलेत. कॅमेऱ्यात घातले, उघडझाप करून बघितली. आखणी व्हायची आहे, म्हणून फोटो एकही काढला नाही.